माशी की दुर्बीण

आमच्या लेकीला, चंद्रकांताला, करडीला दिली, ते १९८१ साल. वैशाखात तिचं लग्न झालं. त्या वर्षी धान चांगलं पिकलं, आणि त्याच वर्षी तलावातल्या बेशरमीच्या झुडपांत तो डुक्कर येऊन राहिला.

आमचं गाव आसगावच्या बाजूचं, मोठ्या तलावाच्या पाळीखाली. पाळीच्या खाली आमच्या सगळ्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. पाळीच्या आत, पाणी उथळ आहे तिथे, बेशरमीचं रान माजलेलं. माणूस उभा राहिला तर दिसत नाही इतकं दाट. डुक्कर दिवसभर त्यात पडून राही आणि दिवस कलला की पाळ उतरून धानात येई. खाई थोडं, लोळून नासवी जास्त. नवरात्रात कौशल्याबाई गवत कापायला गेली तर तिच्या अंगावर आला. मांडी फाडली. बाई जगली, पण गावातल्या बायांनी ठरवलं, तो डुक्कर आहे तोवर पाळीखालच्या बांधीत कापणीला उतरायचं नाही. भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, उभं होतं. पिकलेलं धान थांबत नाही. वारा आला की लोंबीतून दाणा खाली जातो.

गावात रायफल एकच, ती आमच्या घरी. माझ्या सासऱ्यांच्या वेळची, पीक राखायच्या परवान्यावरची. सासरे गेले तसा परवाना थोरल्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मालकांच्या नावावर झाला. त्यांचं नाव तुलाराम. त्या काळी मी ते तोंडानं घेत नव्हते. आता लिहिताना घ्यावं लागतं. धाकटा देर इश्वर आणि त्याची बायको बेबीबाई आमच्यातच होते, एका चुलीवर. कौशल्याबाईच्या प्रकारानंतर जंगल खात्याचा कागदही आला की हा डुक्कर मारा. म्हणजे सगळं गाव आमच्या दाराकडे बघत होतं.

आणि मालकांना माशी दिसत नव्हती.

ज्यांनी बंदूक हाती धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. नळीच्या पुढच्या टोकावर एक बारीक दाणा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे डोळ्याजवळ एक खाच असते. खाचेत माशी बसवायची, माशीवर जनावर बसवायचं, मग घोडा दाबायचा. सासऱ्यांनी पोरांना शिकवलं होतं की दोन्ही डोळे उघडे ठेवा, म्हणजे जनावरही दिसतं आणि हाक्याचा माणूस आडवा आला तर तोही दिसतो. संध्याकाळी माशी काळोखात जाते, म्हणून तिच्यावर चुन्याचा ठिपका द्यायचा. हे काम माझं. पानाच्या डबीतला चुना काडीच्या टोकावर घेऊन मी ठिपका देत असे. लग्न होऊन आले तेव्हा तो तिळाएवढा असे. मग मालक म्हणू लागले, अजून थोडा दे. मग जवसाएवढा झाला. त्या वर्षी तो तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता आणि माशीच्या दोन्ही बाजूंनी ओघळत होता.

मी एकदा म्हटलं, "अजी, एवढ्या चुन्यात तं माशी बुडून जाईन."

"दे म्हणतो तं दे न," ते म्हणाले.

भंडाऱ्याहून चष्मा करून आणला होता. तो लावून त्यांनी अंगणात रायफल खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "चष्मा लावला तं माशी दिसते, डुक्कर नाई. काढला तं डुक्कर दिसते, माशी नाई. आता सांग, काय करू?"

"बंदूक ठाण्यात जमा करून टाका."

"बाबाची बंदूक?"

"मंग इश्वरभाऊले द्या. त्याचे डोळे चांगले हायत."

"डोळे हायत. हात उतावळा हाय त्याचा. न परवाना माह्या नावाचा हाय, त्याच्या नाई."

ते खरंच होतं. पण त्यामागे आणखी एक होतं. इश्वरला द्यायची तर कारण सांगावं लागलं असतं. ही गोष्ट घरात फक्त मला ठाऊक होती, आणि ती पोटात ठेवून मला काही सुचत नव्हतं. ते मचाणावर जाऊन बसले की मी घरात एका जागी बसू शकत नसे. तांदूळ निवडायला घेई, टाकून देई. पाणी भरलेलं असलं तरी घागर घेऊन विहिरीवर जाई. माझ्या मनात एकच, की ते कधीतरी तोंडानं म्हणोत, मला दिसत नाही. म्हटलं की सुटलो. न म्हणता एक दिवस डुकराच्या जागी माणूस मारतील, नाही तर डुक्कर त्यांना मारील.

अश्विनात दोनदा गोळी झाडली. दोन्ही वेळा डुक्कर तसाच चालत पाळ चढून गेला. धावलाही नाही.

दिवाळी झाली आणि गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. रात्री दंडारीच्या खेळात गावातला जागेश्वर सोंग घेतो. तो शिकारी होऊन आला, हातात मुसळ, डोळ्याला तुटक्या चष्म्याची तार. त्याचा जोडीदार विचारतो, "काय गा शिकारी, डुक्कर कुठं हाय?"

"पुढं हाय."

"न गोळी कुठं गेली?"

"गोळी? गोळी गेली पवनीच्या बाजाराले. येता येता सौदा घेऊन येईन म्हणे!"

सगळी मंडई हसली. मालक माझ्यासमोरच बाप्यांत बसले होते, ते सगळ्यांत मोठ्यानं हसले. घरी येऊन मात्र भाकरीला हात लावला नाही. इश्वर चिडून म्हणाला, "दादा, उद्या त्या जाग्याचं मुसळ त्याच्याच पाठीत घालतो."

"कायले? खोटं काय बोलला थो?" मालक म्हणाले. आणि तोंड पुसून बाहेर गेले.

भाऊबीजेला मी अड्याळला माहेरी गेले होते. माझा भाऊ भैय्यालाल तिथे किराण्याचं दुकान चालवतो. त्याच्यापाशी मी डोळ्याचं बोलले नाही. नेम चुकतो एवढंच बोलले. भैय्यालाल सगळ्यांशी ओळखी ठेवून असणारा. त्याचा जबलपूरचा कोणी दोस्त होता, त्याच्याकडून त्यानं एक दुर्बीण आणली. रायफलीवर बसवायची, काळी, वीतभर लांब. ती घेऊन तो आमच्याकडे आला तो हसतच.

"जवाईबापू, आता डुकराच्या पापण्या मोजा."

मालकांनी ती हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली. "हे नाई लागत आपल्याले. दुर्बिणीत एका डोळ्यानं पाहा लागते. एक डोळा घातला की आजूबाजूचं सारं गेलं. खड्ड्यात तोंड घालून पाहल्यावानी."

"अजी, पण पाहून तं पाहा."

त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली आणि ओसरीतून तलावाच्या पाळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. आम्ही उभे. मग हळूच म्हणाले, "पाळीवरच्या येनाच्या झाडावर किडा चालून राहिला."

"म्या नाई सांगतलं?" भैय्यालाल म्हणाला.

त्या दिवशी त्यांचं तोंड पाहून मला वाटलं, हे बरं झालं. दुर्बिणीत खाच नाही, माशी नाही. काचेत एक काळी फुली असते, ती जनावरावर ठेवायची की झालं. जवळचं, मधलं आणि लांबचं असं तीन जागी पाहायचं काम नाही. म्हाताऱ्या डोळ्याचं मोठं ओझं गेलं. पण ओझं गेलं तशी कबुलीही गेली. आता ते कोणाला काही सांगणार नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. माझी बेचैनी तिथेच राहिली.

मालक आणि भैय्यालाल रायफल घेऊन नागपूरला गेले. तिथल्या मिस्त्रीनं दुर्बीण नळीवर पक्की बसवून दिली. आता खाच आणि माशी दुर्बिणीच्या आड गेली. मिस्त्रीनं सांगितलं की खालचे स्क्रू काढले की दुर्बीण निघते, पण त्याचं पान, म्हणजे स्क्रू फिरवायचा पाना, वेगळं आहे. ते बारीक पान भैय्यालालनं आपल्या खिशात ठेवलं. परत आल्यावर पाळीच्या एका टोकाला मडकं ठेवलं आणि मालकांनी दुसऱ्या टोकावरून एक गोळी मारली. मडक्याच्या खापऱ्या झाल्या. इश्वर पोरासारखा नाचला. मालक खापऱ्या वेचायला स्वतः चालत गेले आणि एक खापरी खिशात घालून घेऊन आले. भैय्यालाल दुसऱ्या दिवशी दुकान आहे म्हणून अड्याळला निघून गेला. पान त्याच्या खिशातच राहिलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण दुर्बीण काढायची कोणाला होती?

आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की ती गावाला दाखवतात. नवा नांगर असो, शिलाई मशीन असो, रेडिओ असो. मारोतीच्या पारावर न्यायची, नारळ फोडायचा, चार लोकांचा हात लागायचा. हात लागला नाही तर वस्तूला नजर लागते म्हणतात. तशी रायफलही गेली. काडतूस काढून मालकांनी ती पारावर ठेवली, हळदकुंकू लावलं. मग ज्यानंत्यानं डोळा लावायला सुरुवात केली.

आम्ही बाया विहिरीपाशी उभ्या राहून पाहत होतो. बापे एकमेकांना ढकलत होते.

"अबे, आसगावच्या देवळाचा कळस दिसते!"

"पाह्य, तुही म्हैस दुसऱ्याच्या धानात गेली."

जागेश्वरनं डोळा लावला तेव्हा कोणी ओरडलं, "जाग्या, बायको मायेरून येऊन राहिली का पाह्य!" जागेश्वर म्हणाला, "नोको गा, लांबच राहू दे. दुर्बिणीत लय जवळ येते."

मालक बाजूला उभे राहून हसत होते. मंडईत जे हसले त्यांनाच ते आता एकेक करून दाखवत होते. त्यांना कोण नाही म्हणेल?

एका म्हाताऱ्याला नीट दिसेना. तो म्हणाला, धुरकट दिसते. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "वरची टोपी काढून फिरव न बाबा, रेडिओवानी. साफ होईन." दुर्बिणीला दोन लहान बोंडं होती, एक वर, एक बाजूला, दोन्हींवर पितळी टोपणं. टोपणं निघाली, बोंडं फिरली. टक टक असा आवाज येई, तो लोकांना आवडला. या म्हाताऱ्यानं फिरवलं, त्यानं फिरवलं. दिसण्यात काही फरक पडत नव्हता, तरी प्रत्येकाला वाटे आपण फिरवलं म्हणून साफ झालं. बोंडांच्या बाजूला बाण आणि इंग्रजी अक्षरं होती. ती वाचणारं पारावर कोणी नव्हतं. मला तर तेव्हा मराठीही वाचता येत नव्हतं.

त्या बोंडांनी काच साफ होत नाही, फुली सरकते, हे आम्हाला नंतर भैय्यालालनं सांगितलं. तोवर जे व्हायचं ते झालं होतं.

एक टोपण पोरांच्या हाती गेलं. बेबीच्या लेकीनं ते बाहुलीची घागर म्हणून घरी आणलं. मालकांनी तिच्याकडून घेऊन पुन्हा बसवलं. बसवता बसवता म्हणाले, "एक गोळी अजून मारून पाहाव का मडक्यावर?"

इश्वर म्हणाला, "काडतुसं हायतच किती, दादा? फुकट कायले घालवता? कालच तं फोडलं मडकं."

मालकांना ते पटलं. काडतुसं खरंच कमी होती आणि नवी मिळायला भंडाऱ्याला खेपा घालाव्या लागत.

त्याच संध्याकाळी ते मचाणावर बसले. इश्वर सोबत होता. मी चुन्याची डबी घेऊन उठले तर म्हणाले, "आता त्याचं काम नाई." मी डबी परत कोनाड्यात ठेवली. दोघे पाळीच्या वाटेनं गेले. मी अंगण झाडलेलं पुन्हा झाडलं. बेबी म्हणाली, "बाई, बसा न वो घडीभर. झाडूझाडू माती काढता का?"

दिवस बुडायच्या बेताला आवाज आला. एकच. मग ओरडणं नाही, हाक नाही. डुक्कर पडला की इश्वर पाळीवरून कूक देणार होता. कूक आली नाही. बेबी आणि मी दारात उभ्या राहिलो. ते आले तेव्हा पुढे मालक होते, खाली मान घालून.

"लागली," ते म्हणाले. "पण पडला नाई. बेशरमीत गेला."

"कुठं लागली?"

"पोटात. बांधीच्या धुऱ्यावर रक्त हाय, त्यात शेण हाय." मग भिंतीला टेकून बसले. "फुली खांद्याच्या मागं ठेवली होती. चांगली ठेवली होती. हात हालला नाई माह्या. पोटात कशी गेली?"

इश्वर म्हणाला, "दादा, म्या पाहलं न. तुमी थांबून मारली."

आता गोष्ट बदलली. पोटात गोळी घेऊन बसलेला डुक्कर साध्या डुकरापेक्षा वाईट. तो मरेपर्यंत बेशरमीजवळून जाईल त्याच्यावर येणार, आणि मरायला त्याला कितीही दिवस लागू शकतात. आमच्याकडे रीत आहे, ज्याची गोळी त्याचा माग. ज्यानं जखमी केलं त्यानंच आत जाऊन संपवायचं. तोवर त्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणजे पेटते, पण फोडणी देत नाहीत. मी त्या दिवशी नुसता भात उतरवला. तो कोणी खाल्ला नाही.

सकाळी उजाडल्याबरोबर अंगणात बापे जमले. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या हातात कुऱ्हाड. जागेश्वरही होता. मालक रायफल मांडीवर घेऊन बसले होते आणि दुर्बिणीचे स्क्रू काढायचा प्रयत्न करत होते. विळ्याचं टोक लावलं, ते सरकलं. अडकित्त्यानं धरून पाहिलं, स्क्रूची डोकी झिजली.

"काहून काढता गा?" जागेश्वरनं विचारलं. "राहू द्या न. मोठा दिसन डुक्कर."

"बेशरमीत हाताभरावर येईन थो," मालक म्हणाले. "तिथं मोठा कायले दिसाले पाह्यजे? तिथं माशीच कामाची. दुर्बीण नाई."

"पान कुठं हाय?"

"भैय्यालालच्या खिशात. अड्याळले."

कोणी म्हणालं सायकलवर जाऊन आणू. कोणी म्हणालं तोवर ऊन चढेल, रक्त वाळेल, माग जाईल. मालक अडकित्ता ठेवून तसेच बसले. रायफलीच्या नळीकडे पाहत होते, जिथे माशी होती तिथे. मी दारात उभी होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले,

"दुर्बीण काढली तरी माह्या उपयोग नाई. मले माशी दिसत नाई. लय दिवसापासून दिसत नाई."

जागेश्वर कुऱ्हाडीच्या दांड्याकडे पाहू लागला. कौशल्याबाईचा नवरा म्हणाला, "अरे तुलाराम, मंग सांगाचं न गा."

"आता सांगून राहिलो न."

मला वाटलं माझ्या अंगातला ताप उतरला. किती दिवसांपासून मला हेच ऐकायचं होतं. आता ते जाणार नाहीत. गाव दुसरं काही बघेल, आसगावहून कोणाला बोलावेल, वाट बघेल. मी चौकटीला टेकले.

तेवढ्यात इश्वर पुढे आला आणि त्यानं मालकांच्या मांडीवरची रायफल उचलली.

"मी जातो."

"तुही गोळी नाई थे," मालक म्हणाले.

"घराची हाय न? तुमचं न माह्यं घर वेगळं हाय का, दादा?"

"दुर्बीण निघत नाई इश्वर. हिच्यासकट आत जाता येत नाई."

"तुमी मागं राहा. मले सांगा कसं मारू. मले दिसते."

तो हे गर्वानं म्हणाला नाही. भावाला समजवायच्या आवाजात म्हणाला. पण ज्यानं आत्ताच मला दिसत नाही म्हटलं, तो दुसऱ्याला जाऊ नको कोणत्या तोंडानं म्हणेल? मी बेबीकडे पाहिलं. ती चुलीपाशीच उभी होती, हातात फुंकणी तशीच धरून. माझ्या अंगातून उतरलेला ताप जणू तिच्या अंगात चढला होता. ती म्हणाली, "अजी, ऐका न," पण एवढंच. बाप्यांच्या गर्दीत तिचा आवाज कोणापर्यंत गेला नाही.

मालक कुऱ्हाड घेऊन इश्वरच्या मागे निघाले. वाटेनं त्याला पुन्हा पुन्हा सांगत होते ते मला ऐकू येत होतं, कारण आम्ही बायाही मागून पाळीपर्यंत गेलो.

"दुर्बिणीत पाहू नोको. ध्यानात ठेव. ती हायच नाई असं समज. दोनी डोळे उघडे. नळी बोटावानी धर, बोट दाखवल्यावानी. जवळ आला की दाब."

"हो दादा."

"डोळा आपोआप दुर्बिणीले जाईन. जाऊ देऊ नोको."

"हो न दादा. किती वेळा सांगता?"

पाळीवरून ते आत उतरले. बेशरमीची जांभळी फुलं होती, ती हलताना दिसत. कुठे हलतात त्यावरून आम्ही समजत होतो की ते कुठे आहेत. बाकीचे बापे कडेकडेनं उभे राहिले. बेबीनं माझा हात धरला होता, इतका घट्ट की बांगडी रुतली. एका जागी फुलं हलायची थांबली. मग दुसरीकडे, जिथे कोणी नव्हतं तिथे, एकदम जोरात हलली. सरळ रेघ ओढावी तशी. गोळीचा आवाज झाला. त्याच्या मागोमाग मालकांची आरोळी.

बाप्यांनी इश्वरला बाहेर आणलं. पोटाच्या खाली आणि मांडीत दात गेला होता. डुक्कर थोडा पुढे जाऊन पडला होता. गोळी त्याच्या पाठीवरून निघून गेली होती. त्याला मालकांच्या कुऱ्हाडीनं मारलं.

धोतर फाडून बांधलं. बैलांची बंडी जुंपली, बंडीत धानाची तणीस टाकली आणि त्याला पवनीला नेलं. तिथून भंडाऱ्याला. बेबी आणि मी सोबत होतो. डॉक्टरांनी पोट शिवलं. दोन दिवस तो चांगला बोलला. वाटलं निभावलं. त्यानं चहा मागितला, लेकीला विचारलं, पाळीखालचं धान कापायला लावलं का ते विचारलं.

"लागले, भाऊजी," मी म्हटलं. "साऱ्या बाया उतरल्या. जागेश्वरही तुमच्याच बांधीत कापून राहिला."

"थो काय कापते? गाणे म्हणत बसला असन."

हसला आणि हसल्यानं दुखलं म्हणून थांबला. मालक खाटेच्या पायथ्याशी बसले होते. पाण्याचं भांडं घ्यायला ते बाहेर गेले तेव्हा इश्वर माझ्याकडे वळला.

"वहिनी, दादाले सांगू नोका."

"काय?"

"डोळा दुर्बिणीले गेला वो. दादानं किती सांगतलं होतं. जनावर आलं न डोळा आपोआप गेला. काही दिसलं नाई वहिनी. नुसते केस. सारे केसच केस. कुठं तोंड, कुठं पाठ, काही समजलंच नाई. केसावर मारली मंग."

मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ तापलं होतं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं आणि त्याचं बोलणं बंद झालं.

भैय्यालाल दवाखान्यात आला तेव्हा सगळ्यांत आधी त्यानं खिशातून ते पान काढलं, आणि काढल्यावर ते कोणाला द्यावं हे त्याला कळेना. नंतर त्यानंच आमच्या घरी येऊन रायफल पाहिली. टोपणं काढली, बोंडं पाहिली आणि विचारलं की ही कोणी फिरवली. मी पाराचं सांगितलं. मग मालकांना त्यानं समजावून सांगितलं की तुमचा हात चुकला नव्हता, फुलीच जागेवर नव्हती. मालकांनी ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाले. गावात त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, सगळ्यांचेच हात लागले होते. इश्वरनं मला जे सांगितलं ते मीही मालकांना कधी सांगितलं नाही. ते जिवंत होते तोवर नाही.

रायफल त्यांनी ठाण्यात जमा केली. पावती आणली आणि बेबीच्या हातात दिली. तिनं ती पदराला बांधली.

धान त्या वर्षी पूर्ण कापून झालं. पाळीखालच्या बांध्यांतली कापणी गावानं केली, पेंढ्यांचं पुंजणं रचून दिलं, चुरणं, म्हणजे मळणीही करून दिली. कोणी काही घेतलं नाही. मी पोटात धरून ठेवलेली ती गोष्ट आता साऱ्या गावाला माहीत होती. तरी मला त्यानंतरही कितीतरी वर्षं बसवत नव्हतं. काम नसताना उठावं, दारात जावं, पाळीकडे पाहावं. बेबी म्हणे, "बाई, कोण येऊन राहिलं?" मी म्हणे, कोणी नाही.

माझे देर इश्वर १९८१ साली, कार्तिक संपता संपता, भंडाऱ्याच्या दवाखान्यात वारले. तेव्हा त्यांची लेक अजून शाळेत जात नव्हती. माझे मालक तुलाराम १९८८ च्या उन्हाळ्यात घरीच वारले.